वरनानं काय पाप केलं?

"काय व माय, दोन दिवस झाले, तुह्या घरून वरनाच्या फोडनीचा वास नाई येऊन रायला?"

"कायचं वरन काकू! आमच्या घरच्याईले युरिक ॲसिड निघालं. अर्ध्या राती उठून बसले. आंगठा लालभडक, सुजलेला, पांघरून लागलं तरी ओरडत. तपासलं तं आठाच्या वर. तवापासून दाळ बंद, पालक बंद, टमाटर बंद."

"डॉक्टरनं बंद कराले सांगतलं?"

"नाई, भिशीतल्या बायाईनं सांगतलं. डॉक्टरनं गोया देल्ल्या, पानी प्या म्हनलं, दारू सोडा म्हनलं."

"मंग सोडली?"

"दाळ सोडली ना!"

"वा बाप्पा! आन् दाळीच्या जागी काय?"

"काल पाया आनला. सांधे दुखते तं पायाचा रस्सा चांगला, म्हनतात."

"म्हंजे वरनाले घराबाहीर काढलं आन् पायाले पाटावर बसवलं! अव, आमच्या परतवाड्याच्या भावाले हेच दुखनं आहे. माह्या नातीनं, थे नर्सिंग शिकते ना, तिनं समजावून सांगतलं. प्युरीन म्हनून एक जिन्नस असते, त्याचं युरिक ॲसिड बनते. बरंचसं आपलं आंगच बनवते, थोडं खान्यातून येते. किडनीनं थे बाहीर टाकाव. टाकनं कमी पडलं का रक्तात साचते. आकडा ६.८ च्या वर गेला का त्याचे बारीक टोकदार खडे सांध्यात बसतात. हाडं-मटन शिजवलं का प्युरीन पान्यात उतरते, आन् आपन थोच रस्सा वाटी वाटी पेतो."

"मंग मटन खायचंच नाई?"

"कलेजी, गुर्दा, भेजा, वजडी, याईले हात नाई लावायचा. सुकट, बोंबील, झिंगे बी नाई. कधी मन झालंच तं कोंबडीच्या दोन फोडी. पह्यले उकळून थे पानी फेकाचं, मंग फोडनी. तापीची मासोळी आनली तं एखादा तुकडा, पूर्ण कढई नाई. अंड्याले काई अडचन नाई."

"पन दाळीत बी प्युरीन असते म्हनतात."

"असते ना. पन अमेरिकेत ४७ हजारांवर मानसांवर १२ वर्सं ध्यान ठेवलं. २००४ साली छापून आलं. मटन-मासोळी जास्त खानाऱ्याईले हे दुखनं जास्त झालं. प्युरीनवाल्या भाज्या, दाळी खाऊन नाई वाढलं. दूध-दही खानाऱ्याईले तं कमी झालं. आता किडनीच बिघडली असन तं दाळीचं माप डॉक्टरलेच इचाराव. नाई तं आपल्या मेळघाटात मानसाच्या ताटात दाळीशिवाय ताकदीचं असते काय, थे बी काढून घेतली तं रायलं काय?"

"मंग आज काय करू?"

"कढी-गोळे कर. हरभऱ्याची दाळ भिजव, हिरवी मिरची, लसून, जिरं टाकून जाडीभरडी वाट. हयद, मीठ, सांबार घाल. लोनी काढलेल्या ताकाले बेसन लाव, कढी उकळू दे. पह्यले एकच गोळा सोड. फुटला नाई तं बाकीचे सोडाचे. संग ज्वारीची भाकर, नाई तं कुटकीचा भात. वरतून एक संत्रं, सोलून खाचं, साखर टाकून रस नाई."

"आन् याईचा कोल्ड्रिंक? उनातून आले का बाटली लागते."

"तोच चोर आहे! त्या गोड पान्यातली साखर आंगात युरिक ॲसिड वाढवते. बिअर वाढवते, मोहाची बी वाढवते. चहाच्या जागी चिखलदऱ्याची कॉफी देजो, बिनसाखरेची. कॉफी पेनाऱ्याईले हे दुखनं कमी होते म्हनतात. आन् कडक उपास नाई कराले लावायचा. उपाशी रायलं, पानी कमी पडलं का आकडा चढते."

"सोमवार सोडा म्हनू?"

"सोमवार करा म्हना, पन पोटात काई जाऊ द्या. आन् त्या मागच्या गल्लीतल्या मास्तरचं आयकलं ना? दुखनं थांबलं का गोया बंद केल्या. पोरीच्या साखरपुड्यात एका पायात बूट, एका पायात स्लिपर!"

"अव माय! आन् आमचे बी कालच म्हनले, आता गोई कायले?"

"म्हनू देजो, पन बंद करू नोको देऊ. खान्यानं आकडा थोडासाच उतरते, बाकीचं काम गोईचं. सहाच्या खाली आला पाह्यजे आन् तिथंच रायला पाह्यजे. बीपीची गोई सुरू असन तं थे बी डॉक्टरले दाखव, काई गोयानं युरिक ॲसिड वाढते."

"पन काकू, हे सारं आयकतील का हे?"

"सैपाकाचं परहेज तू सांभाळ, गिलासाचं त्याईनं सांभाळाव. बाईनं दाळ बंद केली आन् मानसानं बाटली सुरू ठेवली, त्याले परहेज नाई म्हनत."