संकल्पाची थकबाकी

नावात सुलतान बाळगणाऱ्या कोटरा सुल्तानाबादेत राहून, भोपाळच्या हिंदीसागरात मराठीचे गलबत हाकणाऱ्या आमच्यासारख्या गृहस्थाने, किशोरवाङ्मयातील अभिरुची विस्तृत व्हावी एवढ्याच सद्धेतूने, पाडव्याच्या मुहूर्तावर वर्षभरात 52 पुस्तके वाचण्याचा करारनामा स्वखुशीने लिहून दिला, तेव्हा वाचनानंदाचे वसुलीखात्यात रूपांतर होईल, याची त्याला यत्किंचितही कल्पना नव्हती.

कलमे मोठी उदार होती: एक साहसकथा, एक सीमाभागातील बालपण, एक कारागृहात लिहिलेले पुस्तक. भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीकर बनेश फेणेने पहिला रकाना सायकलवरून सहज पार केला; प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’मधल्या लंपनने सीमाभागाची बाजू राखली, पण त्याच्यापाशी चार दिवस रेंगाळावेसे वाटताच तक्त्याने थकबाकी दाखवली. श्रावणापासून आम्ही गुण पाहून नव्हे, पृष्ठसंख्या पाहून ग्रंथ निवडू लागलो. फाल्गुनात तर, साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ कारागृह, कोकण आणि मातृप्रेम अशा तीन रकान्यांत एकदमच रुजू केली. बंदिवासात मोकळ्या मनाने लिहिलेले पुस्तक आम्ही मोकळ्या घरात कैद्याच्या घाईने संपवले.

आमची कन्या मात्र, याच शहरातून 1985 पासून निघणाऱ्या ‘चकमक’ या हिंदी बालमासिकाचा एक जुना अंक पालथी पडून तिसऱ्यांदा वाचत होती. याची नोंद कोणत्या कलमाखाली घ्यावी, असे विचारता ती मान वर न करता म्हणाली, “बाबा, थांबा ना जरा, वाचतेय मी.”