कॅशेरावांस अनावृत पत्र

रा. रा. कॅशेराव,
मुक्काम सर्व्हरच्या मेमरीत, अथाल (सिल्वासा)

सा. न. वि. वि.

आपली स्मरणशक्ती दांडगी, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. गेल्या मंगळवारी दुपारी मी पॉलिस्टर सुताच्या काही लॉटचे भाव बदलले. डेटाबेसने निमूट मान्य केलं. डिस्पॅचच्या स्क्रीनवर मात्र आपण जुनेच भाव ऐटीत मिरवत होतात. चलन छापलं गेलं, ट्रक नरोलीमार्गे भिलाडच्या हायवेकडे निघाला आणि त्याच्यामागे स्कूटरवर मी. ड्रायव्हरभाऊ टपरीवर चहा पीत सापडले म्हणून निभावलं. त्यांनी खिशातून चलन काढून उलगडलं: शाई ताजी, भाव शिळा.

आपण म्हणाल, मला कुणी सांगितलंच नाही. कबूल. जँगोत बल्क अपडेट केलं की पोस्ट-सेव्ह सिग्नल सुटत नाही, आणि आपण तर त्या सिग्नलवरच कान लावून बसलेले.

पण मग उलटी तऱ्हा का? लॉटचं पान कुणी नुसतं उघडलं तरी ‘किती वेळा पाहिलं’ हा आकडा एकाने वाढतो, तो सेव्ह होतो, आणि त्या एका आकड्यापायी आपण सगळ्या लॉटची यादी पुसून मोकळे होता! शेजारी शिंक आली म्हणून सुतक धरण्यातला हा प्रकार. मग पुढची प्रत्येक रिक्वेस्ट डेटाबेसच्या दारात.

शिळ्या प्रतींचं या मुलखाला नवल नाही म्हणा. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून मुक्त झालं. त्या लढ्यात आपले सुधीर फडकेही होते. मूळ नोंद त्या दिवशी बदलली. लिस्बनच्या दप्तरात मात्र जुनीच प्रत. ती घेऊन पोर्तुगीज हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेले, आणि इथलं भारताचं सार्वभौमत्व मानलं ते १९७४ च्या अखेरीस. वीस वर्षांची मुदत! आपली मी पाच मिनिटांवर आणली तर सर्व्हर धापा टाकतो.

दोष माझाही आहे. पहिल्या दुरुस्तीत मी सेव्हच्या आतच आपली किल्ली पुसली, कमिट व्हायच्या आधी. तेवढ्या फटीत दुसरी रिक्वेस्ट आली, जुनी ओळ वाचली आणि आदराने आपल्या हाती ठेवून गेली. आता पुसणं ऑन-कमिटमध्ये टाकलंय.

आणि यापुढे विसरायचं काय, हे आपण ठरवायचं नाही. सेव्ह करणारा सांगेल. भाव किंवा साठा बदलला तर त्या लॉटची किल्ली जाईल. अपडेट-फील्ड्समध्ये नुसता काउंटर असेल, तर आपण जागचं हलायचं नाही. बल्कनंतरच्या किल्ल्या मी स्वतः मोजून पुसेन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
स्कूटरवाला प्रोग्रामर

ता. क. : तो काउंटरच काढून टाकू या, असं मालकांना सुचवून पाहिलं. ते सकाळी चहाबरोबर रोज तोच आकडा बघतात. तो ताजा हवा म्हणाले. भावाचं नंतर बघू.