कैरोत रोटी, कुवेतमध्ये भात

अरबी भाषेत डोमेन नाव घ्यायचं ठरलं की बहुतेक जण एकच वाट धरतात. इंग्रजी शब्दांची यादी काढायची, भाषांतराच्या यंत्रातून अरबी शब्द मिळवायचे, महिन्याला किती लोक ते शोधतात हे कीवर्डच्या साधनात बघायचं आणि ज्याचा आकडा मोठा ते नाव विकत घ्यायचं. याला संशोधन म्हणू नये. ज्याची भाषा आहे त्या माणसाला काहीही न विचारता केलेली ही खरेदी आहे.

'ब्रेड' घ्या. भाषांतरात 'खुब्झ' येतं आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. पण कैरोत सकाळी बेकरीपुढे रांगेत उभा असलेला माणूस 'एश' मागतो. कोंड्यासकट पिठाची, भट्टीत टम्म फुगलेली गोल रोटी म्हणजे 'एश बलदी'. 'एश'चा मूळ अर्थ जगणं. २०११ च्या उठावात कैरोच्या तहरीर चौकात लोकांनी स्वातंत्र्य आणि सामाजिक न्याय मागितला, त्या घोषणेतला पहिला शब्द 'एश'च होता. मग सापडला का शब्द? नाही. कुवेत-बहरीनच्या घरांत 'एश' म्हणजे भात. आणि आपल्या 'ऐषआरामा'तला ऐष तोही हाच. साधनाने सगळ्या अरब देशांची बेरीज करून 'एश'पुढे एक घसघशीत आकडा मांडला, तर त्यात रोटी किती आणि भात किती, कोण सांगणार?

मोबाइलचंही तेच. सौदीत 'जव्वाल', लेबनॉनमध्ये 'खलयवी', इजिप्तमध्ये 'मोबाइल' किंवा 'महमूल'. अरब लीगमध्ये २२ देश आहेत. आकडे देशागणिक वेगळे काढले नाहीत तर ते बघूच नयेत. मराठी गिऱ्हाइकासाठी कुणी 'भ्रमणध्वनी' नावाने दुकान थाटलं तर आपल्याला लगेच कळतं की या माणसाने आपल्याला कधी बोलताना ऐकलेलं नाही. अरबांनाही ते तितकंच कळतं.

शब्द पक्का झाला तरी लिहिण्याचा प्रश्न उरतोच, आणि खरी फसगत तिथे होते. 'सय्यारा' म्हणजे गाडी. तिचं शेवटचं अक्षर ता मर्बूता, डोक्यावर दोन ठिपके. घाईत टंकताना लोक ते ठिपके सोडून देतात आणि अक्षर 'हा' होऊन बसतं. शोधयंत्र सांभाळून घेतं, गाड्याच दाखवतं. डोमेनची यंत्रणा सांभाळून घेत नाही. तिच्या लेखी ही दोन वेगळी नावं. नोंदणी संस्थेने दोन्ही रूपं एकत्र बांधली नसतील तर तुमचं गिऱ्हाईक दोन ठिपक्यांपायी परक्याच्या दारात जाईल. तुमचं दुकान म्हणजे बँक असेल तर काय होईल, याचा विचार करा.

मे २०१० मध्ये डोमेन नावांच्या शेवटी येणारी अरबी लिपीतली पहिली देशनावं सुरू झाली: इजिप्त, सौदी आणि अमिराती. त्यात अमिरातींनी काय केलं बघा. शुद्धलेखनाप्रमाणे 'इमारात'च्या पहिल्या अक्षराखाली, म्हणजे अलिफखाली, हम्झा ही छोटी खूण हवी. त्यांनी तो घेतला नाही, आणि टंकताना लोकही तो देतातच असं नाही. सौदीने नावाआधी येणारं 'अल्' हे उपपद ठेवलं, अमिरातींनी तेही गाळलं. अरबीत 'अल्' शब्दाला चिकटूनच येतं, त्यामुळे ते असलेलं नाव वेगळं आणि नसलेलं वेगळं. हम्झा गाळल्याबद्दल शुद्धलेखनवाले नाराज होतील, पण मला अमिरातींचा निर्णय पटतो. पत्ता हा लोकांच्या बोटांसाठी असतो.

म्हणून पैसे भरण्याआधी कैरोतल्या, जेद्दातल्या, बैरुतमधल्या कुणाला तरी फोन लावा. नाव एकदाच उच्चारा आणि त्यांना ते टंकून पाठवायला सांगा. हम्झा आला का, ठिपके आले का, 'अल्' लागलं का, ते बघा. आकड्यांचा तक्ता त्यानंतर उघडा.