आभाळातला बटाटा

कोकणातल्या मावशीनं पिशवीतून तो काढला तेव्हा मला वाटलं, बटाट्याला देवी आल्यात. करड्या सालीवर फोडच फोड. "करांदा आहे. मीठ घालून उकड," एवढं सांगून ती महालक्ष्मीच्या दर्शनाला गेली. मी तो फडताळात टाकला आणि विसरलो. मे महिन्याच्या शेवटी बघतो तर, ना माती ना पाणी, पठ्ठ्यानं बोटभर कोंब काढलेला! मंगळवार पेठेत एवढी खुमखुमी मी तालमीतल्या पोरांतच बघितली होती. पहिल्या पावसाला कुंडीत लावला.

या वेलाला आधार लागतो, आणि आमच्या बोळात आधार म्हणजे केबलची वायर. श्रावणात खाऊच्या पानासारखी त्याची पानं समोरच्या काकूंच्या गॅलरीत पोचली. पुढं पानांच्या बगलेत करांदे धरले, तशा काकू म्हणाल्या, "बटाटं आभाळात लागाय लागलं व्हय रं? कुणाच्या टाळक्यात पडलं म्हंजे?"

भीती अगदीच खुळी नव्हती. हाच वेल 1905 साली अमेरिकेत फ्लोरिडाला गेला आणि तिथली झाडंच्या झाडं झाकून बसला. शेवटी त्याची पानं खाणारे भुंगे आशियातून नेऊन सोडावे लागले. आपल्याकडं वैद्य त्याला वाराहीकंद म्हणतात. म्हणजे डुकराला तो आपल्याआधी कळला. सह्याद्रीच्या रानातला करांदा तर जहाल कडू. चिरून, राखेबरोबर उकळून, पाणी बदलत राहिलं तर कुठं पोटात जातो. हे ज्यानं पहिल्यांदा करून बघितलं, त्याच्या घरी त्या दिवशी दुसरं काही शिजवायला नसणार.

दिवाळीनंतर वेल पिवळा पडला. सात करांदे मिळाले. एक उकडून सोलला. आत पिवळसर, चव बटाट्याच्या वळणाची आणि घास गिळल्यावर मागून सावकाश येणारा कडवटपणा. मला आवडला. घरच्यांनी मात्र तोंडं वाकडी केली आणि पुढचे तीन तांबड्या रश्श्यात ढकलले. रश्श्यापुढं कुणाचं काय चालतंय! मावशीला फोनवर सांगितलं, तर ती दोन मिनिटं बोललीच नाही.

दोन फडताळात ठेवलेत. सातवा काकूंनी मागून नेला. कुंडी त्यांनी बरोबर केबलच्या वायरीखाली मांडली आहे.