मामा, तू फक्त टोक धर

विमानाने प्रवास केल्याच्या गप्पा सगळेच मारतात. मी विमानाला प्रवास घडवला आहे. यॉर्कशायरातल्या लीड्सहून फुल सटनच्या धावपट्टीवर, भाच्याच्या मोटारीमागे ट्रेलरवर लादून.

भाचा पेशाने हिशेबनीस. विमान त्याने गॅरेजात बांधलं. जात ‘युरोपा’: याच यॉर्कशायरात आयव्हन शॉ यांनी आखलेली, १९९२ साली पहिल्यांदा उडालेली, दोन माणसांची. पंख फोमचे, वरून काचधाग्याचं कापड आणि रेझिन. खरी खुबी अशी, की पंख काढता येतात. विमान घरी आणा आणि हँगरचं भाडं वाचवा. हिशेबनिसाला एवढं पुरलं. बांधकाम चालू असताना एक पंख ताईच्या जेवणघरात मुक्कामाला होता आणि पाहुणे त्याच्याखालून वाकून भाजी वाढून घेत, ही बाब मात्र कुठल्याच रकान्यात आली नाही.

आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत, चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. ते सुटं करून क्रेनने उतरवलं, तेव्हा कुठे २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात पोहोचलं. त्या सोसायटीच्या सभा कशा झाल्या असतील, याची मला फार उत्सुकता आहे.

तर निघालो. इंग्लंडात ट्रेलरच्या मागे मोटारीचाच नंबर लावतात. त्यामुळे आमच्या विमानाच्या कुशीवर ‘जी’ने सुरू होणारा त्याचा स्वतःचा नंबर आणि पाठीला एका जुन्या मोटारीचा. ए६४ वर ट्रेलरवाल्यांना ताशी ६० मैलांची मुभा, पुढे ए१६६ च्या दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ५०ची. हवेत ताशी दोनशे किलोमीटर सहज कापणारं विमान एका ट्रॅक्टरच्या मागे, गवताच्या गाठोड्यांचा वास घेत चाललं होतं.

स्टॅमफर्ड ब्रिजचा पूल एका वेळी एकाच बाजूच्या गाड्यांचा, सिग्नल पाळायचा. १०६६च्या लढाईत एका व्हायकिंगने कुऱ्हाड घेऊन इथला पूल एकट्याने अडवला, अशी आख्यायिका आहे. आम्ही तो ट्रेलरने अडवला. समोरचे लोक हॉर्न न वाजवता, अत्यंत सभ्यपणे चिडले.

फुल सटनला गवताची धावपट्टी आणि शेजारी कडेकोट बंदोबस्ताचा तुरुंग. भाच्याने धड खाली घेतलं आणि माझी शिक्षा सुरू झाली. या विमानाला पोटाखाली एकच मोठं चाक. आधाराची दोन छोटी चाकं पंखांना. म्हणजे पंख नाहीत तोवर ते बिनस्टँडची सायकल. कुणीतरी धरायचं. कुणीतरी म्हणजे मी.

मग पंख. दोन्ही पंखांच्या तुळया धडात शिरतात, बैठकांच्या मागे शेजारी-शेजारी येतात आणि त्यांच्यातून पिना घालायच्या. टाकी धडात, त्यामुळे पेट्रोलच्या नळ्या सोडा-जोडायचा त्रास नाही. भोकं जुळली की काही मिनिटांचं काम. भोकं जुळत नाहीत.

“मामा, तू फक्त टोक धर. वर. जास्त झालं. एक सूत खाली.”

एक सूत म्हणजे पंखाच्या मुळाशी एक सूत. टोकाला ते वीतभर होतं. त्यात वारा सुटला. पंख उचलायचा म्हणूनच बनवलेला असतो, त्यामुळे तो आपलं काम चोख करू लागला. मी टाचा रोवून त्याला विरोध करत राहिलो.

पिना बसल्यावर एलेरॉनची, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरच्या हलत्या फळीची परीक्षा. मी ती बाहेरून घट्ट धरायची, त्याने आतून स्टिक हलवायची. जोर दोन्हीकडे जाणवला तर जोडणी पक्की. इथे मात्र दोघेही हसलो नाही. सुट्या पंखांच्या ग्लायडरमध्ये जोडायच्या राहून गेलेल्या एलेरॉनपायी माणसं गेली आहेत. शिवाय नियंत्रणाला हात लावला की दुसऱ्या नजरेने स्वतंत्र तपासणी व्हायलाच हवी, हा तिथला दंडक. ती क्लबातल्या एका आजोबांनी केली. चहा थंड होईपर्यंत केली.

उडालो का? उडालो. यॉर्कचं चर्च वरून सुरेख दिसतं. उतरल्यावर भाचा म्हणाला, “चल मामा, आता पंख काढू.”

काढताना भोकं जुळलेली असतात आणि पिना निघत नाहीत.

तिथल्या हँगरचं भाडं भाच्याने परतताना मला सांगितलं. माझ्या मते ते स्वस्त आहे.