इंचभाऊ

इंचभाऊंच्या कमरेला कायम टेप असते. मॉड्युलर किचनची कामं घेतात, तेव्हा कामावर ती असणारच. पण सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादालाही असते आणि कोणाला पोचवायला गेले तरी असते. त्यांचं खरं नाव मेंटेनन्सच्या बिलावर छापून येतं. बाकी बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या गल्लीत वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे त्यांना इंचभाऊच म्हणतात, आणि तेही बिनतक्रार ‘ओ’ देतात.

माणूस मनाचा फार चांगला. कोणाचं दुखणं त्यांना बघवत नाही. लगेच मोजायला घेतात. आजींनी, म्हणजे त्यांच्या आईंनी, एकदा भाकरी थापताना खांदा भरून येतो अशी तक्रार केली. दुसऱ्या कोणी बाम आणून दिला असता. इंचभाऊंनी घरातला चौतीस इंची ओटा ग्रॅनाइटसकट उतरवून बत्तिसावर आणला. आजींचा खांदा सुटला आणि वहिनींची कंबर धरली. वहिनी साडेपाच फूट आहेत. “एवढा मोजणारा माणूस, लग्नाच्या वेळी तेवढं मला मोजायचं विसरला,” असं त्या हसत सांगतात. पहिलं वर्षभर हसत नव्हत्या.

त्यांची दुसरी खोड याहून खोल आहे. वस्तू घेताना ते तिच्या एका गुणावर भाळतात आणि घरी आणली की नेमका तोच गुण तासायला बसतात. हवेशीर म्हणून घेतलेल्या फ्लॅटच्या बाल्कनीला काचा लावल्या. घडीचं म्हणून आणलेलं जेवणाचं टेबल भिंतीला स्क्रूने ठोकून टाकलं. पकड चांगली म्हणून घेतलेल्या ट्रेकिंगच्या बुटांचे तळ मोच्याकडून घासून आणले, कारण लादीवर आवाज यायचा. तेव्हा त्यांनी उंच गाडी घेतली, त्याच दिवशी ती खाली येणार हे आम्हाला कळायला हवं होतं.

गाडी घेण्यामागे २६ जुलै होता. २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि इंचभाऊ दहिसरहून मिरा रोडपर्यंत पाण्यातून चालत आले. मांडीपर्यंत पाणी होतं असं ते म्हणत नाहीत. तेहतीस इंच होतं म्हणतात. मिरा-भाईंदरची जमीनच तशी. मिठागरं, खाजणं, मधे आगरी-कोळ्यांची गावं, आणि त्यावर भराव टाकून उभ्या राहिलेल्या इमारती. १९८५ साली नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, भराव अजून चालू आहे. पाण्याच्या वर राहणारी गाडी घ्यायची हे इंचभाऊंनी त्या रात्रीच ठरवलं होतं. पैसे जमेपर्यंत मधे बरेच पावसाळे गेले, ती गोष्ट वेगळी.

शेवटी इसुझुची व्ही-क्रॉस आली. ही गाडी आपल्याकडे २०१६ साली आली. फोर व्हील ड्राइव्ह, मागे उघडा हौदा, लांबी जवळजवळ पाच मीटर तीस सेंटिमीटर, पोट जमिनीपासून सुमारे नऊ इंच वर. पार्किंगच्या पांढऱ्या पट्ट्यांत ती मावेना. नाक बाहेर राहिलं आणि त्या नाकावरून सोसायटीच्या दोन सर्वसाधारण सभा झाल्या. पण इंचभाऊ खुशीत होते. फोर व्हील ड्राइव्हचं बटण मात्र त्यांनी पहिल्यांदा फिरवलं ते दसऱ्याला, झेंडूचा हार घालून, सोसायटीच्या सुक्या काँक्रीटवर. अशा गाडीत ते बटण फिरवलं की पुढची-मागची चाकं एकमेकांशी बांधली जातात. चिखलात ठीक, सुक्या काँक्रीटवर वळताना गाडी अडते आणि टायर कुईकुई करतात. वॉचमनने धावत येऊन विचारलं, “साहेब, काही खाली आलं का?”

त्याच दसऱ्याला आजी गाडीत बसायला आल्या. आजी पावणेपाच फूट, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. दार उघडलं तर आतली फरशी त्यांच्या गुडघ्याच्याही वर. वहिनींनी वरून ओढलं, वॉचमनने संकोचत खालून आधार दिला, आणि आजी आत पोचल्या तेव्हा सोनं वाटायची वेळ टळून गेली होती. उतरताना त्या एवढंच म्हणाल्या, “अरे, एक पाट ठेव गाडीत. त्यावर पाय देऊन चढेन मी.”

“माझी आई पाटावरून गाडीत चढणार?” इंचभाऊ दुखावले. कोणी पायदान लावा म्हणालं. “त्याने गाडीची लाइन जाते.” मग कमरेची टेप निघाली. चाकाच्या कमानीपासून जमिनीपर्यंत, दारापासून जमिनीपर्यंत, आजींच्या गुडघ्यापासून जमिनीपर्यंत. निकाल आला: गाडी दोन इंच खाली.

दोनच का, हे विचारायची सोय नव्हती. त्यांचं उत्तर नेहमी दोनच येतं.

पुढचे काही महिने इंचभाऊ रात्र रात्र जागून अभ्यास करत होते, आणि सकाळी दूध घ्यायला उतरलं की तो अभ्यास आम्हाला ऐकावा लागे. त्यातली एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. लॉस एंजेलिसमध्येही एक बेव्हर्ली पार्क आहे. डोंगरावर, फाटकाआड, सिनेनटांच्या बंगल्यांचं. त्याच शहराच्या पूर्व भागात मेक्सिकन वंशाच्या पोरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे जुन्या गाड्या खाली आणायला सुरुवात केली. आधी डिकीत वाळूची पोती टाकत, मग स्प्रिंगा कापत, आणि रविवारी व्हिटिअर बुलेवार्डवर गोगलगायीच्या चालीने मिरवत. १९५८ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली येता कामा नये. पोरांनी विमानांच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप बसवले; पोलीस दिसला की बटण दाबून गाडी वर, पोलीस गेला की खाली. तो कायदा रद्द होऊन मुभा मिळाली थेट २०२४ च्या जानेवारीत. “म्हणजे पासष्ट वर्षं लढले,” इंचभाऊ भरल्या आवाजात म्हणाले. दूधवाला सुट्टे पैसे घेऊन उभा होता.

सोसायटीचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना कॅलिफोर्नियाशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काढलं. कारखान्याच्या मूळ तपशिलाशी नोंदणी पुस्तकातला तपशील जुळणार नाही, असा बदल मालकाने करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इंचभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “बदलामागे पाच हजार, की इंचामागे?”

सेक्रेटरी मग वेगळ्या वाटेने गेले. “अहो, कशाला खर्च करता? दर पावसाळ्यानंतर आपला रस्ता थरावर थर चढून वर येतोय. तळमजल्याच्या दुकानांच्या पायऱ्या होत्या तीन, राहिली एक. गाडी आहे तिथे उभी ठेवा, दहा वर्षांत आजी फुटपाथवरून सरळ आत जातील.” यात तथ्य होतं. अख्खं शहर वर चाललेलं. डोक्यावर मेट्रोचे खांब, त्याखाली उड्डाणपूल, खाली भराव, आणि त्यात खाली यायला निघालेला हा एकटा माणूस. पण इंचभाऊंनी बेव्हर्ली पार्क ते गोल्डन नेस्ट सगळे गतिरोधक मोजून ठेवले होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि तीन मीटर सत्तर सेंटिमीटर रुंद हवा. आपल्याकडे उंची तेवढी मिळते, रुंदी रस्त्यावर काम करणाऱ्याच्या मर्जीवर. त्यांच्या वहीप्रमाणे दोन इंच खाली येऊनही पोट कुठेच घासणार नव्हतं. फक्त एका गतिरोधकापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं होतं, आणि तो आमच्याच गेटसमोरचा होता.

पार्सल आलं. आत लोखंडाचे दोन काळे ठोकळे, दोन-दोन इंच जाडीचे, आणि लांब यू-बोल्ट. ते घेऊन इंचभाऊ काशिमीऱ्याला एका पाटेवाल्या मिस्त्रींकडे गेले. मिस्त्री कराडकडचे. हयात ट्रकचे पाटे चढवण्यात गेलेली. गाडी उंच करून द्या म्हणणारे त्यांनी पोत्याने पाहिले होते, खाली करा म्हणणारा हा पहिलाच.

“हे ठोकळं कुठं बसवायचं शेठ?”

“ॲक्सल आणि पाट्याच्या मधे.”

मिस्त्री बॅटरी घेऊन खाली सरकले. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग आतून आवाज आला, “बसवतो की. गाडी दोन इंच वर जाईल.”

इंचभाऊंच्या आयुष्यात असा क्षण पूर्वी आला नसावा. मिस्त्रींनी त्यांना शेजारी झोपवून दाखवलं. हलक्या, टू व्हील ड्राइव्ह पिकअपमध्ये बहुधा पाटा ॲक्सलच्या खाली टांगलेला असतो. तिथे मधे ठोकळा सारला की गाडी बसते. फोर बाय फोरला पोट वर हवं, म्हणून कारखान्यातच पाटा ॲक्सलच्या डोक्यावर बसवतात. तिथे मधे काहीही घातलं की गाडी आणखी चढते. अमेरिकन पोरांनी कापलेल्या गाड्या वेगळ्या, ही वेगळी.

“मग पाटाच ॲक्सलच्या खाली घ्या.”

“घेतो. पण मग ॲक्सलची जाडी अन् पाट्यांचा थर मिळून पाच-सहा इंच खाली येईल. खड्ड्यात चॅसिस ॲक्सलवर बसंल.”

पुढची बाजू त्याहून अवघड. तिथे पाटे नाहीत, कॉइल आहेत, आणि फोर व्हील असल्यामुळे पुढच्या चाकांनाही शाफ्ट जातात. गाडी पुढून दाबली की शाफ्टच्या जॉइंटचा कोन बिघडतो, रबरी बूट फाटतात, चाकं वरून आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने झिजतो. कॉइल कापून देणारे पुष्कळ आहेत. आपण कापणार नाही, असं मिस्त्रींनी सांगितलं. खरं तर या सगळ्या प्रकरणात शहाणा माणूस तो एकच. इंचभाऊ मात्र हात हलवत परत येणाऱ्यांतले नव्हेत. घासाघीस झाली, चहा झाला, आणि शेवटी मागच्या दोन्ही बाजूंचा एकेक पाटा काढायचं ठरलं.

गाडी मागून दीड इंच बसली. आजींचं दार पुढचं.

हे वहिनींनी पहिल्याच दिवशी लक्षात आणून दिलं. इंचभाऊ म्हणाले, आई मागे बसेल. आजी म्हणाल्या, मागे मला मळमळतं. तरी आजींनी मुलाचं मन राखायला मागच्या दाराने एकदा चढून दाखवलं आणि “हो रे, बरंच सोपं झालं” असं म्हटलं. वॉचमनचा हात तेव्हाही खालून होताच.

पाटा उतरला त्याचं खरं दुःख मामांच्या कपाटाने दाखवलं. सागवानी, तीन दारी, नायगावला न्यायचं होतं; टेम्पोचे पैसे वाचतील म्हणून इंचभाऊंनी हौद्यात चढवलं. रिकाम्या हौद्यात उरलेल्या पाट्यांनी कसंबसं निभावलं होतं. कपाट आणि ते धरून उभे राहिलेले दोन भाचे यांचं ओझं आल्यावर मागचा भाग बफरवर टेकला. घोडबंदरच्या वळणापासून वरसावे पुलापर्यंत प्रत्येक जोडाला धाडकन आवाज येत होता, आणि नाक वर गेल्यामुळे हेडलाइट समोरच्या ट्रकवाल्यांच्या डोळ्यांत जात होते. समोरून येणाऱ्यांनी काय काय म्हटलं, ते भाच्यांनी घरी येऊन पाठ म्हणून दाखवलं. नायगावला कपाट उतरवलं तेव्हा त्याचं मधलं दार लागेना. मामांनी टेप मागितली. इंचभाऊंनी ती दिली नाही.

पुढच्या आठवड्यात पाटे परत चढले. मिस्त्रींनी ते जपून ठेवले होते, गिऱ्हाईक परत येणार याची त्यांना खात्रीच होती. गाडी पुन्हा नऊ इंचांवर उभी राहिली आणि सेक्रेटरींनी कलम ५२ ची झेरॉक्स नोटीस बोर्डावरून काढली. आजी आता मंदिरात शेअर रिक्षाने जातात.

राहिले ते दोन ठोकळे. परत घेत नाहीत, विकायला काढले तर गिऱ्हाईक विचारतं की हे असतात कशासाठी. वर्षभर ते शू-रॅकखाली पडून होते. मग आजींना पित्ताचा त्रास सुरू झाला; रात्री घशाशी येई. डॉक्टरांनी पलंगाची डोक्याकडची बाजू सहा इंच उचलायला सांगितली. इंचभाऊ औषधं घेऊनच परत आले आणि सरळ शू-रॅककडे गेले. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली दोन ठोकळे अगदी बसले, यू-बोल्टची भोकंसुद्धा आडवी आली नाहीत. डॉक्टरांचे सहा इंच होते हे वहिनींनी सांगून पाहिलं. “सहा जास्त होतात,” ते म्हणाले, “आई घसरेल. दोन बरोबर आहेत.”

आजी पडल्या पडल्या छताकडे बघत होत्या. म्हणाल्या, “अरे, मी एक उशी जास्त घेतली असती.”