शहाडचे कानसेन

ज्या घराच्या उशाशी कसाऱ्याच्या लोकल आणि नाशिककडच्या मालगाड्या धडधडतात, त्या घरात ओपन बॅक हेडफोन घ्यायला एकतर बहिरेपण लागतं, नाहीतर श्रद्धा. कानसेनांकडे श्रद्धा आहे. शहाड स्टेशनच्या आसपास दोन-चार इमारतींमागे असे एक गृहस्थ हमखास सापडतात. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी बँकेत किंवा विम्यात, माळ्यावर कॅसेटींचे खोके, आणि घरी आलेल्याच्या हातात चहाच्या आधी हेडफोन ठेवण्याची खोड.

‘‘ऐका, आणि तबला कुठे बसलाय ते सांगा.’’

पाहुणा बिचारा खोलीभर बघतो.

‘‘डोळे मिटा हो!’’

पाहुणा डोळे मिटतो आणि घाबरत म्हणतो, ‘‘उजवीकडे... जरा मागे?’’

‘‘शाब्बास! याला म्हणतात साउंडस्टेज.’’

उजवीकडे जरा मागे स्वयंपाकघर असतं, आणि तिथे वहिनी चहासाठी आलं कुटत असतात.

ओपन बॅकची महती कानसेन शिवजन्माच्या कीर्तनासारखी सांगतात. हेडफोनमधला पडदा हलतो तेव्हा आवाज जसा पुढे कानाकडे येतो, तसा मागेही जातो. क्लोज्ड बॅकमध्ये मागची वाटी बंद असते, त्यामुळे तो आवाज आतच आपटतो आणि परत फिरून गाणं गढूळ करतो. ओपन बॅकला मागे जाळी असते, तो निघून जातो, आणि गाणं डोक्याच्या आत नाही तर समोर चालल्यासारखं वाटतं. मग आवाज खाली करून, वाडवडिलांचं नाव घ्यावं तसं ते सांगतात, ‘‘१९६८. सेनहायझर एचडी ४१४. जगातला पहिला ओपन बॅक. पिवळे स्पंज!’’ (क्लोज्डवाल्या कंपन्यांनीही आत कापूस-नमदा घालून ते आपटणं बरंच आटोक्यात आणलंय. पण हे त्यांच्यासमोर बोलायचं नाही. चहा मिळत नाही.)

जाळीतून आवाज बाहेर जातो तसा बाहेरचा आतही येतो, हा तपशील कीर्तनात नसतो. त्यामुळे कानसेनांच्या किशोरीताई आमोणकरांच्या भूपाला पंचवटी एक्स्प्रेसच्या भोंग्याची साथ असते आणि एकादशीला बिर्ला मंदिराकडे निघालेल्या रिक्षांचीही. ‘‘मैफलीत नाही का लोक खोकत?’’ असं त्यांचं उत्तर तयार असतं. कल्याण गायन समाजात ऐन आलापीला पुढच्या रांगेत कोणी वेफर्सची पिशवी फोडली, तर हेच गृहस्थ त्याच्याकडे असं बघतात की वेफर्स मऊ पडावेत.

नवा हेडफोन आणला की तो आधी ‘पिकवावा’ लागतो, अशी या पंथाची समजूत. त्याने खरंच काही फरक पडतो का, यावर पंथातच दोन तट आहेत. कानसेन पिकवणाऱ्यांच्या तटातले. त्यांनी रात्रभर त्यात नुसती खरखर वाजत ठेवली आणि झोपले. ओपन बॅक असल्यामुळे ती खरखर हॉलभर. पहाटे तीनला वहिनींना जाग आली, वर टाकी भरून वाहतेय असं वाटलं, आणि त्यांनी सेक्रेटरींना उठवलं. सेक्रेटरींनी वॉचमनला उठवलं. वॉचमन बॅटरी घेऊन गच्चीवर गेला. टाकी कोरडी होती! त्याचा तपास मग दुपारपर्यंत चालला, आणि वॉल्व्ह खरोखरच खराब निघाला. पिकवण्याचा एवढा एकच सिद्ध झालेला फायदा मला ठाऊक आहे.

शिवाय त्यांचा तो हेडफोन तीनशे ओहमचा. फोनला लावला तर गाणं पलीकडच्या इमारतीतून आल्यासारखं बारीक. म्हणून डॅक आला, अँप आला, त्यांना ठेवायला स्टूल आलं, आणि देवघर सहा इंच सरकलं.

एकदा त्यांनी ओपन बॅक लोकलमध्ये नेला. डब्यात भजनी मंडळ होतं. झांजा आत येत होत्या आणि मालकंस बाहेर जात होता. शेवटी पखवाजवाल्या बुवांनी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारून सांगितलं, ‘‘मालक, एकतर तुमचा बंद करा, नाहीतर आमच्या पट्टीत लावा.’’

त्यानंतर प्रवासासाठी क्लोज्ड बॅक आला. जड, काळा, कानांवर गच्च बसणारा. डब्यात शांतता झाली, ठेका भरदार लागू लागला. पण त्याची गंमत अशी की वाटी कानाला चिकटून बसली तरच खर्ज टिकतो, आणि कानसेनांना चष्मा आहे. काडीच्या फटीतून खर्ज गळतो. चष्मा काढला तर खर्ज येतो आणि स्टेशनचं नाव दिसत नाही. एका संध्याकाळी उत्तम खर्जासकट ते टिटवाळ्याला उतरले. त्यात वैशाखातला घाम. दोन उन्हाळ्यांत पॅडचं रेक्झिन सोलवटलं, आणि ऑफिसात कानशिलांवर काळे कपचे घेऊन बसलेल्या साहेबांना शिपायाने त्वचेच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. जर्मन पॅडची किंमत बघून कानसेन रिक्षाने उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेले आणि सोफेवाल्याकडून पॅड शिवून आणले. आवाज कसा आहे विचारलं तर म्हणतात, ‘‘थोडा बैठकीचा झालाय.’’

घरात मात्र क्लोज्ड बॅकला बंदी आहे. तो लावून ते एका दुपारी ऐकत बसले होते. वहिनी बाजारात. सिलिंडरवाल्याने बेल मारली, दार ठोठावलं, शेजारच्या काकूंनी खिडकीतून हाका मारल्या. आत कानसेन डोळे मिटून, स्वतःला ऐकू न येणाऱ्या आवाजात, द्रुत तराणा म्हणत होते. ‘‘साहेब रियाजाला बसलेत,’’ असं काकूंनाच सांगून सिलिंडर परत गेला. पुढचे चार दिवस इंडक्शनवरची खिचडी.

ओपन बॅकवर मात्र वहिनींचा राग नाही. आत काय चाललंय ते त्यांना स्वयंपाकघरात ऐकू येतं. भैरवी लागली की त्या तवा चढवतात.

परवा जिन्यात कानसेन भेटले. चेहऱ्यावर तेज होतं. ‘‘सापडलं उत्तर,’’ म्हणाले, ‘‘सेमी-ओपन! एकेजी के २४०. ना धड उघडा, ना धड बंद.’’

मागून पिशवी घेऊन येणाऱ्या वहिनींनी विचारलं, ‘‘अहो, म्हणजे सिलिंडरवाला अर्धा ऐकू येणार का?’’